व्याह्यांना ओलांडून

आमच्या व्याह्यांना ओलांडून आजवर कुणीही कायदेशीर मार्गाने पुढे गेलेलं नाही. जे गेले ते सगळे ऑफसाइड होते असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्यांच्याशी वाद घालायला अजून कुणी धजावलेलं नाही. इटलीतल्या नामांकित फॉरवर्डांनी त्यांना ओलांडायचा प्रयत्न केला. त्यातले बरेच माघारी फिरले आणि काही लंगडत फिरले. इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीतल्या इंडियन ग्रोसरीत हापूसच्या पेट्या येतात तेव्हा जी गर्दी उसळते, तिनेही एकदा प्रयत्न केला. व्याही त्या पेट्यांपुढे नुसते उभे राहिले. कुणाला धक्का नाही, कुणाला उणा शब्द नाही. पण ज्याने डावीकडून हात घातला त्याच्यासमोर यांचा खांदा आला, आणि उजवीकडून घुसलेल्या एका काकूंना थेट बेसनाच्या पिशव्यांपर्यंत मागे जावं लागलं. मी यांच्या पाठीमागे निवांत वास घेत घेत पेटी निवडली. तेव्हापासून आंब्याच्या दिवसांत मी एकटा दुकानात जात नाही.

व्याही म्हणजे आमच्या गौरीचे सासरे. गौरीने इटालियन घरात लग्न ठरवलं तेव्हा माझी समजूत अशी होती की इटालियन माणूस म्हणजे मोकळाढाकळा, खाणारा, गाणारा, दोन्ही हातांनी बोलणारा. आमच्या वाट्याला आले ते तारुण्याची सगळी वर्षं गोलपोस्टासमोर पहारा दिलेले फुटबॉलचे व्यावसायिक डिफेंडर. ते खातात भरपूर, पण गात नाहीत, आणि बोलतात ते समोरच्याच्या कमरेकडे बघत. पहिल्या भेटीत हे फार चमत्कारिक वाटतं. आमची ही तर ओढणी सारखी करून करून थकली. शेवटी जावयाने खुलासा केला की डिफेंडर समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघत नाही आणि पायांकडेही बघत नाही. "डोळे फसवतात. पाय तर फसवायलाच असतात," व्याही म्हणतात, "पण कंबर जाते तिकडेच माणूस जातो." या एका तत्त्वावर त्यांनी सगळी कारकीर्द काढली, आणि आता म्हातारपणही त्याच्यावरच चाललं आहे. माझी पाठ धरणार हे मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं. आमच्याकडचा पाहुणा "बसतो अजून थोडा वेळ" म्हणत असला तरी हे शांतपणे उठून त्याचा कोट आणून ठेवतात, आणि पाहुणा खरोखरच निघतो.

त्यांची ही कारकीर्द सांगायला मात्र महाकठीण, कारण तिच्यात काही घडलेलंच नाही. म्हणजे काही घडू नये याचाच त्यांना पगार मिळत होता. डोंगराच्या पायथ्याच्या एका लहानशा गावच्या क्लबात ते सुरुवातीला खेळले, तिथून हळूहळू वरच्या डिव्हिजनमध्ये चढले, आणि एक पूर्ण हंगाम अगदी वरच्या फळीत, जिथे देशाचे लाडके खेळतात तिथे, त्यांनी त्या लाडक्यांना अडवलं. त्याच्या हकिकती ऐकायला मी मोठ्या हौसेने बसलो होतो. "चिखल होता," व्याही सांगायला लागतात. "मॅच संपत आली होती. तो डावीकडून आला." इथे ते खुर्चीतून उठतात, गुडघे जरासे वाकवतात, हात अंगापासून थोडे दूर धरतात. आपण श्वास रोखतो. "मी उभा राहिलो." मग? "मग तो परत गेला." गोष्ट संपली. त्यांच्या सगळ्या गोष्टी अशाच संपतात. कुणीतरी येतो, हे उभे राहतात, तो परत जातो. पहिल्या वर्षी मला वाटायचं की काहीतरी निसटलं, आपलं इंग्रजी कमी पडतंय किंवा त्यांचं. नंतर लक्षात आलं की चांगल्या डिफेंडरची गोष्ट हीच असते आणि ती एवढीच असते. त्यांच्या बैठकीत भिंतीवर वर्तमानपत्रातले दोन-तीन फोटो फ्रेम करून लावले आहेत. प्रत्येकात दुसराच कुणीतरी गोल मारून हवेत उडालेला आहे, आणि कोपऱ्यात यांची अर्धी पाठ दिसते. न झालेल्या गोलांचे फोटो कोण काढणार? आयुष्यभर चोख काम करून फक्त चुकांचे फोटो मिळावेत, आणि तेही माणसाने अभिमानाने भिंतीवर लावावेत, याला मी तरी मोठेपणच म्हणतो.

कारकिर्दीच्या उतरणीवर इथल्या, न्यू जर्सीतल्या एका क्लबाने त्यांना बोलावलं. बायको आणि तान्हा मुलगा घेऊन ते आले. क्लब काही हंगाम चालला आणि मग एका सकाळी हे सरावाला गेले तर मैदानाच्या फाटकाला कुलूप. ना निरोपाचा सामना, ना हार, ना भाषण. मालकाने गाशा गुंडाळला होता. व्याही तासभर किट खांद्याला लावून फाटकाबाहेर उभे राहिले, कारण उभं राहणं हेच त्यांना येत होतं. "म्हणून मी अजून रिटायर झालेलो नाही," ते म्हणतात. "मला कुणी सांगितलंच नाही."

पुढे त्यांनी ड्रायव्हिंग शिकवायचं काम धरलं, आणि नवऱ्यांच्या नोकरीमुळे इथे आलेल्या कितीतरी मराठी मुली त्यांच्या हाताखाली गाडी शिकल्या. त्या अजून त्यांना भेटल्या की "काका" म्हणून वाकतात. "समोरच्या गाडीचा इंडिकेटर बघायचा नाही, इंडिकेटर खोटं बोलतो. चाक बघायचं," हा त्यांचा पहिला धडा. त्या मुलींकडून ते मराठी शब्द शिकले: हळू, थांब, आणि अगं बाई. शेवटचा शब्द ब्रेकच्या जागी वापरायचा असतो अशी त्यांची अजून समजूत आहे.

आता त्यांच्या हाताबद्दल सांगितलं पाहिजे. कुणी चकवून पुढे गेलं की डिफेंडर उजवा हात वर करतो आणि लाइन्समनकडे बघतो, बघ, हा ऑफसाइड आहे, असं सांगायला. मैदान सुटून इतका काळ लोटला तरी व्याह्यांचा हात काही निवृत्त झाला नाही. बँकेच्या रांगेत कुणी मध्ये घुसला, हात वर. हायवेवर कुणी लेन कापली, स्टिअरिंग सोडून हात वर. लग्नकार्यात पंगतीत कुणी पाळी यायच्या आधी दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं, हात वर. मी एकदा म्हटलं, "व्याहीबुवा, तुमच्या हातावर तुमचा ताबा नाही का?" तर म्हणाले, "हात माझा नाही. क्लबचा आहे." आणि ते खोटं नव्हतं. एका वाढदिवसाला मुलांनी फार आग्रह केला, तेव्हा त्यांनी तो हात मुद्दाम वर करून दाखवला. वर्गात पाणी प्यायला जाऊ का विचारणाऱ्या पोरासारखा दिसला. खरा हात वर जातो तेव्हा आधी हनुवटी उचलली जाते, भुवया वर जातात, साऱ्या जगाने आपल्यावर अन्याय केल्याचा भाव चेहऱ्यावर येतो आणि मग हात. त्याचं सोंग त्यांना स्वतःलाही आणता येत नाही.

गौरीच्या लग्नात तर कहर झाला. आपल्याकडे कानपिळीचा विधी असतो, वधूच्या भावाने येऊन नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. लांब अल्फारेटाहून विमानाने माझा पुतण्या त्यासाठी नटूनथटून आला होता. तो मुलाच्या कानाकडे निघाला आणि व्याह्यांनी त्याच्या कमरेची दिशा ओळखली. पुतण्या डावीकडून गेला, व्याही डावीकडे. उजवीकडून गेला, व्याही उजवीकडे. सोवळं नेसलेले गुरुजी, जे एरवी एका कंपनीत सर्व्हर सांभाळतात, मंत्र थांबवून बघत राहिले. मांडवातली सगळी माणसं मोबाइल काढून उभी राहिली. शेवटी विहीणबाईंनी इटालियनमध्ये दोन वाक्यं सुनावली तेव्हा यांना उलगडा झाला. मग यांनी स्वतःच मुलाचा कान धरला, पुतण्यापुढे केला आणि म्हणाले, "जोरात पिळ." नंतरच्या व्याहीभेटीत त्यांनी मला असं कवटाळलं की माझा फेटा मागच्या रांगेत जाऊन पडला.

असा हा माणूस आजोबा झाला. आमच्या नातीचं नाव मीरा. त्यांना ती नोन्नो म्हणते आणि मला आबा. चालायला लागल्यापासून तिच्या पायाशी चेंडू आहे, आणि दर रविवारी आमच्या मागच्या अंगणात आजोबा-नातीचा सामना ठरलेला आहे. एका बाजूला मेपलचं झाड, दुसऱ्या बाजूला निळा ट्रॅश कॅन, मध्ये गोल, आणि गोलपुढे नोन्नो. मीराने त्यांना ओलांडून चेंडू आत घालायचा. सोपं वाटतं. पण व्याह्यांनी तिला एकदाही जाऊ दिलं नाही. ती लहान होती तेव्हा नाही, तिला ताप येऊन गेला होता त्या आठवड्यात नाही, तिच्या वाढदिवसालाही नाही. चेंडू काढून घ्यायचे, हातात परत द्यायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." घरातल्या सगळ्यांनी त्यांना नावं ठेवून पाहिली. माझ्या हिने तर मोदक बंद करण्याची धमकी दिली. ढिम्म हलले नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात प्रकरण गळ्याशी आलं. शाळेच्या टीममध्ये मीराला बराच वेळ बाहेर बसवलं जायचं, आणि एका संध्याकाळी तिने बूट काढून गराजमध्ये भिरकावले. "आय अ‍ॅम डन, आबा," ती मला म्हणाली. "आय कान्ट बीट एनीबडी. आय कान्ट ईव्हन बीट नोन्नो, अँड ही हॅज बॅड नीज." गुडघ्यांचं खरंच होतं. दोन्ही पार झिजले होते, गणपतीनंतर ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर खेळ कायमचा बंद असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे मीराच्या हातात उरले होते ते उन्हाळ्याचे शेवटचे काही रविवार. त्यात ती नोन्नोंना ओलांडू शकली नसती, तर मग कधीच नाही, आणि हरले ते हरलेच असं मनात धरून पोर खेळ सोडणार होती.

गौरीने मला मध्ये घातलं. "बाबा, तुम्ही बोला ना त्यांच्याशी. माझं ऐकत नाहीत. एकदा, जस्ट वन्स, तिला जाऊ द्या म्हणावं. शी इज अ किड यार."

मी गेलो. व्याह्यांनी कॉफी केली, त्यांची ती अंगठ्याएवढ्या कपातली. मी मुद्द्यावर यायला वेळ घेतला, पण ते माझ्या कमरेकडे बघत होते, त्यामुळे लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "आमच्यात एक पद्धत आहे, कच्चं लिंबू. मोठी मुलं खेळत असतात आणि एखादं लहान मूल मागे लागतं, मला घ्या, मला घ्या. मग त्याला कच्चं लिंबू म्हणून घेतात. ते पळतं, ओरडतं, सगळं करतं, पण आउट होत नाही. त्याला कुणी पकडलं तरी ते मोजत नाहीत. मीराला एकदा कच्चं लिंबू करा."

व्याह्यांनी हे फार गांभीर्याने ऐकलं. मग विचारलं, "लिंबाला माहीत असतं, आपण लिंबू आहोत म्हणून?"

"असतं ना."

"आणि त्याला चालतं?"

"सुरुवातीला चालतं," मी म्हणालो, आणि तिथेच माझं चुकलं, कारण मला सगळं आठवायला लागलं. आमच्या कॉलनीत मी सगळ्यांत लहान. लपंडाव असो, लंगडी असो, मी कायमचं कच्चं लिंबू. समोर जाऊन उभा राहिलो तरी कुणी मला शिवायचं नाही, कुणाला माझी भीती नाही, कुणाला माझी गरज नाही. मग एके दिवशी लंगडीत एका दांडग्या मुलाने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला, "आउट." मी धावत घरी गेलो, आई भाजी निवडत होती, तिला धापा टाकत सांगितलं, "आई, मी आउट झालो. खरोखरचा आउट झालो." इतका आनंद मला पुढे अमेरिकेचा व्हिसा मिळाला तेव्हाही झाला नाही. हे सगळं मी व्याह्यांना सांगून बसलो.

ते खुर्चीतून उठले. मग माझा कप उचलून सिंकमध्ये ठेवत म्हणाले, "मग व्याही, तुम्ही माझ्याकडे काय मागायला आला होता?"

मी हात हलवत परत आलो. गौरी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण मी निघताना व्याह्यांनी दारात आपली ती जुनीच गोष्ट पुन्हा ऐकवली होती, ती मी कुणाला न कळवता मीराला सांगितली: आजोबा तुझ्या पायांकडे बघतच नाहीत, कमरेकडे बघतात. मीराने ते ऐकून घेतलं, खांदे उडवले आणि बूट मात्र गराजमधून उचलून आणले.

त्या सुमारास आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची मिरवणूक बसवणं चालू होतं. शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये पोरं लेझीम शिकत होती, मीराही त्यात होती. घरी आली की अंगणात तेच. कमरेतून डावीकडे वाकायचं, लेझीम जमिनीजवळ वाजवायची, आणि पुढच्याच ठेक्याला पाय उजवीकडे टाकून उभं राहायचं. छनक छनक करून तिने शेजाऱ्यांच्या कुत्र्याला वेड लावलं होतं. मला त्यात आवाजाशिवाय दुसरं काही दिसलं नाही.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. तो यंदा रविवारी आला आणि ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं, म्हणजे हा शेवटचा सामना. आरती झाली, पानं वाढून झाली, मोदकांवर तूप पडलं, आणि व्याही गुडघ्याला पट्टे बांधून अंगणात उतरले. सगळी मंडळी हातात मोदक घेऊन डेकवर. पहिल्यांदा मीरा आली, चेंडू गेला. "पुन्हा." परत आली, परत गेला. "पुन्हा." गौरी माझ्याकडे अशी बघत होती की जणू तिच्या मुलीला मीच अडवत होतो. विहीणबाई देवाचं नाव घेत होत्या, त्यांच्या किंवा आमच्या, कुणास ठाऊक. मीराचा चेहरा लाल झाला होता. तिने चेंडू घेतला, मागे गेली, आणि या वेळी धावत न येता हळूहळू आली.

नोन्नोंच्या समोर आली आणि कमरेतून डावीकडे वाकली, पार खाली, लेझीम वाजवावी तशी. व्याह्यांनी कंबर पाहिली. आयुष्यभर जिच्यावर भिस्त ठेवली ती कंबर डावीकडे गेली होती. ते डावीकडे गेले. आणि पुढच्या ठेक्याला मीराचा पाय उजवीकडे पडला, चेंडूसकट. तिने हे ठरवून केलं की अंगात भिनलं होतं म्हणून झालं, ते तिलाही सांगता येत नाही. व्याह्यांनी वळायला पाहिलं, गुडघा वळला नाही, आणि मीरा त्यांना ओलांडून गेली. चेंडू ट्रॅश कॅनला घासून आत गेला.

क्षणभर कुणालाच कळेना, टाळ्या वाजवायच्या की नाही. प्रत्येकाच्या मनात एकच शंका होती, आणि मीराच्या मनात सगळ्यांत जास्त. तिने वळून बघितलं. नोन्नोंची हनुवटी वर गेली होती. भुवया वर गेल्या होत्या. साऱ्या जगाने अन्याय केल्याचा तो भाव, आणि उजवा हात ताठ वर. ते लाइन्समन शोधत होते. समोर माझ्या हिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"नोन्नो," मीराने विचारलं, "वॉज आय कच्चं लिंबू?" हे तिला गौरीने सांगितलं असणार.

व्याही तसेच, हात वर. "नो लेमन," म्हणाले. "नो लेमन, मीरा."

ती किंचाळत धावत आली आणि त्या वर गेलेल्या हाताला टाळी द्यायला तिने उडी मारली. हात उंच होता, पोहोचली नाही. पुन्हा मारली. तेव्हा तो हात, जो कधी कुणासाठी खाली आला नव्हता, जरासा खाली आला. तेवढीच सवलत त्यांनी तिला आयुष्यात दिली. मला तेव्हा त्या कुलूप लावलेल्या फाटकाची आठवण झाली, आणि डोळे भरून आले ते मी मोदकावर ढकललं, गरम होता म्हणून.

ऑपरेशन नीट झालं. मीरा आता टीममध्ये खेळते, आणि रविवारी तिच्या मॅचेस असतात, त्यामुळे अंगणात यायला तिला जमतंच असं नाही. व्याही मात्र येतात. कॉफी होते, बोलणं होतं, आणि मग ते वॉकर घेऊन मेपल आणि ट्रॅश कॅनच्या मध्ये जाऊन थोडा वेळ उभे राहतात, व्यायाम म्हणून. परवा ते असे उभे असताना चेंडू माझ्या पायाशी होता. मी जन्मभर क्रिकेट बघितलेला माणूस, फुटबॉलला कधी पाय लावलेला नाही. काय वाटलं कोण जाणे, चेंडू घेतला आणि निघालो. माणसाला नवे गुडघे बसवून फार दिवस झालेले नाहीत, समोर आपला व्याही आहे, वयाचा मान आहे, जाऊ देतील असं वाटलं होतं. मी डावीकडून गेलो, वॉकर डावीकडे. उजवीकडे वळलो, वॉकर उजवीकडे. चेंडू त्यांच्या पायाशी गेला आणि त्यांनी तो हळूच माझ्याकडे परत सरकवला. "पुन्हा," म्हणाले.

मी घामाघूम होऊन आत आलो. ही ओट्याशी भाजी निवडत होती. तिला म्हटलं, "अगं, अडवलं त्यांनी मला. खरोखरचं अडवलं."